फेडलं तरी थकबाकीदार

या देशात कर्ज बुडवणाऱ्याचं घर शाबूत राहतं आणि कर्ज फेडणाऱ्याला घर मिळत नाही. हे मी दारू पिऊन लिहीत नाही. दिवसाची पाळी भरून, गोदीत लोखंडाच्या कॉइलींना साखळ्या अडकवून, अंगाला ग्रीसचा वास असताना, पूर्ण शुद्धीत लिहितोय. मी मॅट्रिक आहे. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण माझ्या खिशात तीन पावत्या आहेत, एक लोकअदालतीचा निवाडा आहे आणि एक सिबिलचा कागद आहे. हे तिन्ही एकमेकांना खोटं पाडतात. त्यातलं खरं कोण आणि खोटं कोण, हे विचारायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

बीड जिल्ह्यातून पोटासाठी पुण्याला, भिवंडीला, पनवेलला, मुंबईला पांगलेल्या माझ्या वयाच्या पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे. कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या नावावर असाच एक शिक्का बसलाय आणि तुम्हाला तो अजून ठाऊकही नाही. तो शिक्का तुम्ही घरासाठी अर्ज कराल त्या दिवशी कळतो. आधी कुणी सांगत नाही.

शिक्का म्हणजे काय ते आधी समजून घ्या. कर्ज थकलं की बँक, फायनान्सवाला पहिल्यांदा धमक्या देतो. मग एक दिवस गोड बोलतो. म्हणतो, तडजोड करू, एकरकमी भरा, ओटीएस करू, लोकअदालतीत या, दंडव्याज सोडतो. माणूस कुठून तरी पैसे उभे करतो, भरतो, सही करतो, पावती घेतो आणि सुटलो म्हणून घरी जातो. खातं बंद होतं. पण सिबिलच्या वहीत त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' लिहीत नाहीत. 'सेटल्ड' लिहितात. पुरं फेडलं तर क्लोज्ड, तडजोडीनं फेडलं तर सेटल्ड. शब्द दोन्ही इंग्रजी, दोन्ही सभ्य. पण घराच्या कर्जाला गेलात की पहिल्या शब्दाला खुर्ची मिळते आणि दुसऱ्याला दार.

आता माझा हिशेब मांडतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

माझे मायबाप ऊसतोड कामगार. २०१९ च्या हंगामात बाप उसाच्या गाडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे पाहिजे होते. मी गोदीत ठेकेदाराकडे नुकता लागलो होतो. एका फायनान्स कंपनीकडून ९० हजार घेतले. हप्ता ३,९००. सात हप्ते वेळच्या वेळी भरले. मग मार्च २०२० आला. लोकल बंद, ठेकेदाराचा फोन बंद, पाळी बंद. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सवलत दिली होती, पण व्याज थांबवलं नव्हतं. हप्ता उपाशी झोपला तरी व्याज जेवत होतं. २०२२ मध्ये नोटीस आली, दंड धरून १ लाख १२ हजार. लोकअदालतीत बसलो. ६० हजारांवर तुटलं. तीन हप्त्यांत द्यायचे ठरले, तिन्ही तारखेला दिले. एक दिवस उशीर नाही.

बेरीज करा. सात हप्त्यांचे २७ हजार ३००, वर ६० हजार. झाले ८७ हजार ३००. घेतले होते ९० हजार. म्हणजे मुद्दलातले २,७०० रुपये आणि व्याज, एवढंच सुटलं. अख्ख्या लॉकडाऊनची, बापाच्या मोडलेल्या हाडाची, बंद पडलेल्या गोदीच्या पाळ्यांची सूट एवढी. आणि त्या सुटीची किंमत म्हणून माझ्या नावापुढे सेटल्ड.

२०२५ साली माजलगावला दीड गुंठ्याचा प्लॉट बघितला. दोन खोल्या बांधायच्या. मायबापाला कोपीतून आणि दुसऱ्याच्या ओसरीतून बाहेर काढायचं. सहा लाखांचं कर्ज मागितलं. पगार बँकेत जमा होतो, वर्षभराचं स्टेटमेंट दिलं. साहेबानं कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाला, "अहो, तुमचं सेटल्ड दाखवतंय." मी निवाडा दाखवला. तो म्हणाला, "ते कोर्टाचं झालं. आमच्याकडे सिस्टीम घेत नाही." मी विचारलं, मग करू काय? तो म्हणाला, "त्या कंपनीला उरलेले ५२ हजार भरा, क्लोज्ड करून आणा, मग बघू."

उरलेले ५२ हजार! कुठले उरलेले? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याचं कलम २१ सांगतं की लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा आहे, तो अंतिम आहे, दोन्ही बाजूंवर बंधनकारक आहे, त्याच्यावर अपील नाही. मला अपील नाही, कंपनीलाही नाही. कोर्ट म्हणतं संपलं. कंपनीनं सही करून लिहून दिलं संपलं. मग ते ५२ हजार जिवंत कसे राहिले? ते राहिले सिबिलच्या वहीत. कायद्यानं मेलेलं कर्ज तिथं भूत होऊन बसलंय आणि ते भूत माझ्या घराच्या उंबऱ्यावर बसून हप्ता मागतंय.

मायला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आरं, पैसे भरलेत ना आपुन? मंग कामून न्हाई म्हंतेत?" या प्रश्नाचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरानं माझ्या मायला येऊन द्यावं. मला देता आलं नाही.

ही सिबिल आहे तरी कोण? २००० साली ही कंपनी निघाली. २००५ साली तिच्यासारख्यांसाठी कायदा झाला. आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल, आणि मालक कंपनी बसलीय अमेरिकेत, शिकागोला. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत, एक्सपेरियन, एक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. तीनशे ते नऊशे असे मार्क देतात. साडेसातशेच्या वर असलात तर बँकवाला चहा विचारतो. आमच्या आज्याच्या काळात गावचा कुळकर्णी दप्तर घेऊन बसायचा. कुणाचं किती देणं, कुणाचं किती येणं, त्यानं लिहिलं तेच खरं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला खोटं म्हणायची सोय नव्हती. जोतीरावांनी त्या दप्तरावर असूड ओढला त्याला आता सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. कुळकर्ण्याचं वतन गेलं म्हणतात. गेलं नाही. शिकागोला गेलं.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. माणसं मारायला गेले नव्हते, खतं हिसकावून जाळायला गेले होते. त्यांना बरोबर कळलं होतं की सावकाराचा जीव तिजोरीत नसतो, कागदात असतो. इंग्रज घाबरला, आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आज आमच्या कर्जाचा कागद कुठं आहे? जाळायला हातात यावा असा कुठंच नाही. आमच्या नावाचं खत आमच्या जिल्ह्यात नाही, राज्यात नाही. म्हणून आता लढाई काडीपेटीनं होणार नाही. वाचून, भांडून, नियमावर बोट ठेवून करावी लागेल. तर ठेवू या बोट.

८ जून २०२३. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, तडजोडीच्या कर्जफेडीबद्दलचं. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, बँकांनी जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणूक करणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करायला हरकत नाही, फौजदारी कारवाई चालू राहील. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना तेव्हा ओरडल्या. मग रिझर्व्ह बँकेनं खुलासा केला की अशा बुडव्यांना असलेली नव्या कर्जाची बंदी कायम आहे. ठीक. दुसरी गोष्ट आपल्या कामाची. तडजोड केलेल्या बाकीच्या कर्जदाराला त्याच बँकेनं पुन्हा कर्ज देण्याआधी मध्ये काही काळ जाऊ द्यावा. शेतीकर्ज सोडून बाकीच्या कर्जांना हा काळ कमीत कमी १२ महिने. त्याच्यावर किती ठेवायचा ते ज्या त्या बँकेच्या संचालक मंडळानं ठरवावं.

नीट वाचा मित्रांनो. कमीत कमी १२ महिने. जास्तीत जास्त किती? लिहिलेलंच नाही. तळ बांधला, छत बांधलं नाही. आणि सिबिलसारख्या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असा नियम. म्हणजे माझी शिक्षा कायद्याच्या पुस्तकात १२ महिन्यांपासून सुरू होते आणि कॉम्प्युटरमध्ये निदान २०२९ पर्यंत चालते. खून करणाऱ्यालाही शिक्षा किती ते कोर्ट उघड सांगतं. मला कुणी सांगितलं नाही. माझा खटला कुठं चालला, कुणी चालवला, मला कधी बोलावलं?

आता दुसऱ्या बाजूची तडजोड बघा. लांब जायला नको, आपल्याच मराठवाड्यातली आहे. औरंगाबादेत, आज जिला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथं, वाढलेली व्हिडिओकॉन. दिवाळखोरीच्या कायद्याखाली तिच्यावर मंजूर झालेले दावे सुमारे ६४ हजार ८०० कोटींचे. २०२१ च्या जूनमध्ये कंपनी लवादानं वेदांता समूहातल्या ट्विन स्टारची बोली मंजूर केली, २,९६२ कोटींची. रुपयाला चार पैसे आणि वर थोडी चिल्लर. खुद्द लवादानं त्यावर भुवया उंचावल्या, पण मंजूर केली, कारण धनकोंच्या समितीनं बहुमतानं हो म्हटलं होतं. पुढं अपील झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये अपिलाच्या लवादानं ती मंजुरी रद्द केली, हेही सांगतो. मी खोटं लिहिणार नाही, त्याची गरजच नाही. पण बघा, मोठ्या माणसांनी एका टेबलावर बसून रुपयाला चार पैसे घ्यायचं ठरवलं. त्याला शहाणपण म्हणाले, व्यवहार म्हणाले, मूल्य वाचवणं म्हणाले.

मी रुपयाला साडेत्रेपन्न पैसे दिले. दंडासकट मागणीवर धरून. मुद्दलावर धरलं तर सत्त्याण्णव पैसे. मला काय म्हणाले? सेटल्ड.

संसदेत मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं की २०१४-१५ पासून दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जं निर्लेखित केली. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते, असं सरकार म्हणतं. मान्य. मग आमच्याकडून तर वसुलीही झालेली आहे! ज्यांच्याकडून वसुली बाकी आहे त्यांच्या गाड्यांना काळ्या काचा, आणि ज्याच्याकडून वसूल झालं त्याच्या मायच्या डोक्यावर उसाच्या पाचटाचं छप्पर.

बँकवाला म्हणेल, भावना बाजूला ठेवा, हा ठेवीदारांचा पैसा आहे, आम्हाला जोखीम बघावी लागते. बघा ना जोखीम! पण डोळे उघडून बघा. ज्यानं तडजोडीचे तीन हप्ते तारखेला भरले, कामाची हमी नसताना भरले, उसने काढून भरले, तो जोखमीचा की जो कधी अडचणीतच आला नाही तो? बुडालेला माणूस पोहून काठाला लागला तर त्याला पोहता येतं हे सिद्ध झालं. तुमची वही उलटं लिहिते. म्हणते, हा एकदा बुडाला होता. शिवाय सेटल्ड या शब्दात कारण लिहायला जागाच नाही. जुगारात घालवले की बापाच्या मांडीत सळई घातली, बिल्डरनं टोपी घातली की साथीत गोदी बंद पडली, सगळे एका खान्यात. माणूस न बघता खाना बघायचा, ही सवय या देशाला नवी नाही. आम्ही ती जन्मापासून ओळखतो.

बीड जिल्ह्यात तर आणखी एक गंमत आहे. तिथं अडीअडचणीला साठवलेला पैसाही गिळला गेला. २०२३ पासून ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचे पैसे अडकले, २०२४ मध्ये तिच्या अध्यक्षाला अटक झाली. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण ज्यांनी घराच्या खरेदीसाठी, पोरीच्या लग्नासाठी तिथं ठेव ठेवली होती, त्यांची ठेव अडकली की त्यांचे दुसरीकडचे हप्ते चुकणारच. चुकलेला हप्ता सिबिलच्या वहीत चढतो. अडकलेली ठेव चढते का? नाही. वहीला एकच बाजू आहे, गरिबाच्या देण्याची. त्याच्या येण्याची बाजू फाडून टाकलीय.

आणि आता उचलीबद्दल. बीडचा माणूस म्हटलं की उचल आली. दिवाळीच्या आधी मुकादम पैसे देतो, नवराबायको मिळून एक कोयता, सहा महिने पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, खाड्याचा दंड वेगळा. माझ्या मायबापानं वीस वर्षं उचल फेडली. पैशानं नाही, पाठीनं. त्याहून मोठं तारण कुठल्या बँकेनं कधी घेतलंय? २०१९ साली सरकारनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२ हजार ३०९ बायांपैकी १३ हजार ८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरींनी सांगितलं की पाळीच्या दुखण्यानं खाडा पडतो, दंड बसतो, ऑपरेशनलाही पुन्हा उचलच. हप्ता चुकू नये म्हणून शरीराचा भाग काढून देणाऱ्या बायका आहेत आमच्या जिल्ह्यात! यांच्याइतकी परतफेडीची शिस्त मुंबईच्या शेअरबाजारात एकाकडे तरी दाखवा. पण मुकादमाची वही शिकागोला जात नाही. म्हणून माझ्या मायच्या नावावर तीनशेही मार्क नाहीत. तिचा इतिहासच नाही म्हणे. वीस वर्षं कर्ज फेडणाऱ्या बाईला कर्जाचा इतिहास नाही!

मग सरकार काय करतं? सरकार कर्जमाफी करतं. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंत माफी. थकबाकी जास्त असेल तर वरची रक्कम शेतकऱ्यानं भरायची, मग सरकार दीड लाख घालणार. म्हणजे सरकारनंच केलेली एकरकमी तडजोड. २०१९ साली महात्मा जोतीराव फुले यांच्या नावानं दोन लाखांची योजना आली. शेतकऱ्याला मिळालं त्याचं मला दुःख नाही, शेतकरी मरत होता, त्याला मिळायलाच पाहिजे. २०२५ साली मुख्यमंत्र्यांनी बँकांना दमही भरला की पीककर्जाला सिबिल मागाल तर याद राखा. चांगलं केलं. पण हे सगळं सातबाऱ्यावर चालतं. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याची उचल माफ नाही, त्याचं दवाखान्याचं कर्ज माफ नाही, त्याच्या घराच्या अर्जाला सिबिल मागू नका म्हणून कुणी दम भरत नाही. सातबारावाल्याला निदान भाषण मिळतं. आम्हाला तेही मिळत नाही.

समजा उद्या माझ्या नावापुढचं सेटल्ड पुसलं. तरी पुढची भिंत उभीच आहे. घराचं कर्ज म्हणजे घर गहाण. गहाण ठेवायला मालकीचा स्वच्छ कागद लागतो. बीडमधल्या आपल्या किती वस्त्यांना तो कागद आहे? कुणी गावठाणाच्या कडेला, कुणी गायरानात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला. एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात वर्षानुवर्षं हाडं झिजवली, मार खाल्ला. तरी अजून माणसं तहसीलच्या पायऱ्यांवर पावत्या घेऊन बसलेली दिसतात. रमाई घरकुलालाही जागा आपली असल्याचा कागद लागतोच. म्हणून आमच्यातला कमावता पोरगा गाव सोडून तालुक्याला एन.ए. प्लॉट शोधतो, स्वच्छ कागदाचा. आणि तिथं पोचतो तेव्हा त्याला सांगतात, कागद स्वच्छ आहे, तू स्वच्छ नाहीस.

हा शब्द ओळखीचा वाटतो का? मला वाटला.

आता आपल्या माणसांशी बोलतो. आपले पुढारी १४ एप्रिलला डीजे लावतात, चौकाचौकात स्वतःच्या तोंडाचे फलक लावतात. महामंडळावर माणूस बसवायचा म्हणून मंत्र्याच्या बंगल्यावर खेटे घालतात. महामंडळात काय होतं ते अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळात २०१५ साली दिसलं, तिथला माजी अध्यक्ष असलेला आमदार शेकडो कोटींच्या घोटाळ्याच्या आरोपाखाली अटक झाला. तळागाळातल्या मातंग पोराच्या धंद्याचा पैसा होता तो. यातल्या एकाही पुढाऱ्यानं रिझर्व्ह बँकेच्या दारात मोर्चा नेल्याचं मी बघितलं नाही. मंत्रालयावर जातात, आझाद मैदानावर जातात. फोर्टातली ती उंच इमारत आझाद मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोदीच्या फाटकापासून तर आणखी जवळ.

ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, ज्यांनी १९२५ साली चलनाच्या आयोगापुढं साक्ष दिली, त्यांची पोरं आज सिबिलचा दोन पानी कागद उघडायला भितात. ज्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता अशा विसंगतीत आपण शिरतो आहोत, त्यांचा फोटो बँकेच्या भिंतीवर आहे आणि त्याच फोटोखाली बसून साहेब म्हणतो, सिस्टीम घेत नाही. फोटोला हार घालणाऱ्या दोस्तांनो, सिस्टीम कोण आहे ते विचारा.

आणि विचारायचं कसं तेही सांगतो. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासूनचा नियम आहे. एजंटाला पाचशे रुपये देऊ नका. मागवा, वस्तीत बसून मोठ्यानं वाचा, एकमेकांचे वाचा. चुकीची नोंद असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत सोडवली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. तो मागा, भीक म्हणून नको, मजुरी म्हणून मागा. जो आज तडजोडीला बसणार आहे त्यानं सही करण्याआधी विचारावं की वहीत काय लिहिणार, आणि ते निवाड्यातच लिहून घ्यायचा हट्ट धरावा. बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नये. आणि तडजोड करून देतो, सिबिल धुऊन देतो म्हणणाऱ्या दलालाला वस्तीत पाय ठेवू देऊ नका.

पण हे झालं एकेकट्याचं. एकेकट्यानं अर्ज करून व्यवस्था हलत नाही, फक्त अर्जांचा गठ्ठा वाढतो. म्हणून मागण्या सगळ्यांच्या असल्या पाहिजेत. लोकअदालतीचा निवाडा पाळून ज्यानं पैसे भरले त्याच्या खात्यापुढे बंद असंच लिहा. दोन लाखांच्या आतल्या कर्जाला १२ महिने हीच वरची मर्यादा करा, त्यानंतर तडजोडीच्या कारणानं कुणाला नाकारायचं नाही. नाकाराल तर कारण लेखी द्या, मराठीत द्या. महात्मा फुले महामंडळ १९७८ सालचं आहे, त्यानं आता भूमिहीनाच्या घराच्या कर्जाला जामीन राहावं. गायरानावरच्या घरांना मालकीचा कागद द्या, बाई आणि बाप्या दोघांच्या नावानं.

यातली एकही मागणी क्रांतीची नाही. क्रांतीची तयारी वेगळी चालू आहे. या तर तुमच्याच कायद्याच्या, तुमच्याच हिशेबाच्या मागण्या आहेत. तुम्ही म्हणालात कर्ज फेडा, फेडलं. तुम्ही म्हणालात कोर्टात या, आलो. तुम्ही म्हणालात सही करा, केली. आता पाळी तुमची आहे. एवढंही तुम्हाला जमत नसेल तर मग तुमची वही आम्ही आमची मानायची कशाला?

आम्ही जहाजं रिकामी करतो, ऊस तोडतो, तुमचे टॉवर बांधतो. ज्या भिंती आम्ही बांधल्या त्यांच्यावर तुम्ही कर्ज काढता आणि बुडवता. आमच्या चार भिंतींना नाही म्हणता. २०२९ पर्यंत मी थांबणार नाही. तुम्हीही थांबू नका. अहवाल काढा, निवाडे काढा, पावत्या काढा, आणि ते कागद घेऊन फोर्टात या. मी गोदीच्या फाटकाशी भेटतो.

जय भीम.